काम झाले नाही, मुंबई दिसली

परभणीच्या माणसाची मुंबई म्हणजे काखेत कागदांची पिशवी आणि डोळ्यांपुढे एखादी कचेरी. १९५६ पर्यंत आमच्या वडीलधाऱ्यांना सरकारदरबारी कामासाठी हैदराबाद गाठावे लागे. राज्यपुनर्रचनेत मराठवाडा मुंबई राज्यात आला आणि आमची राजधानी बदलली. १९८८ साली मीही असाच अर्ज घेऊन निघालो. आमची गाडी तेव्हा मीटरगेजची. मनमाडला उतरून दुसरी धरायची. एवढे करून पोचलो, तर उत्तर मिळाले, 'साहेब दौऱ्यावर आहेत, उद्या या.'

दिवस मोकळा, खिशात पैसे बेताचे. बोरीबंदरला 'बेस्ट'ची डबलडेकर उभी होती. वर जाऊन पुढची खिडकी धरली आणि शेवटच्या थांब्याचे तिकीट काढले.

हुतात्मा चौक मागे टाकून बस चर्चगेटकडे निघाली आणि डावीकडे ओव्हल मैदान उघडले. मैदानाच्या पूर्वेला उच्च न्यायालय आणि विद्यापीठाचा राजाबाई टॉवर, दोन्ही १८७८ च्या सुमाराचे. दगडी, टोकदार, मान वर करायला लावणारे. खरे सांगायचे तर तिथे मला आपला अर्जच आठवला. पश्चिमेला मात्र चार-पाच मजली घरांची रांग. गोल गॅलऱ्या, खिडक्यांवर लांबलचक छज्जे, जहाजासारखे कठडे. बसचा वरचा मजला त्यांच्या गॅलरीच्या उंचीवर येतो. एका गॅलरीत बाई कपडे वाळत घालत होत्या.

या शैलीला आर्ट डेको म्हणतात, हे मला पुढे वाचून कळले. समुद्र हटवून मिळवलेल्या जमिनीवर १९३० च्या दशकात ही रांग उभी राहिली. त्याआधी पश्चिम किनाऱ्याची रेल्वे थेट कुलाब्यापर्यंत जात असे; १९३० अखेर ते स्थानक बंद झाले आणि गाडी चर्चगेटला थांबू लागली. म्हणजे रेल्वेने जागा सोडली आणि शहर पुढे सरकले. त्यात सिमेंट आणि लोखंडी सळया हाताशी आल्या होत्या. खांब आणि स्लॅब भार घेऊ लागले तशी भिंत मोकळी झाली, अगदी कोपऱ्यातही खिडकी काढता येऊ लागली. आमच्याकडे तेव्हा निजामाचे राज्य. हातभर जाडीच्या भिंती आणि वर माळवद.

मला अधिक महत्त्वाचे वाटते ते हे की, या घरांचे आराखडे करणारे बरेच जण इथलेच होते. मरीन ड्राइव्हच्या कोपऱ्यावरचा 'सूना महल' १९३७ चा. त्याचे वास्तुकार गजानन बाबूराव म्हात्रे. चर्चगेटसमोरचे इरॉस चित्रपटगृह १९३८ चे, ते शोराबजी भेदवारांचे. ज्या शहरात मी अर्जदार म्हणून बिचकत शिरलो, त्याचा हा भाग आपल्यातल्याच माणसांनी आखला होता. अर्थात, तिथले भाडे मात्र आपल्या आवाक्यातले कधीच नव्हते!

२०१८ साली युनेस्कोने मैदानाच्या या दोन्ही बाजूंना मिळून जागतिक वारशाचा दर्जा दिला. जुन्या डिझेल डबलडेकर २०२३ च्या सप्टेंबरात बंद झाल्या. विजेवरच्या वातानुकूलित डबलडेकर त्याच वर्षी आल्या. २०२५ पासून भुयारी मेट्रोही चर्चगेटवरून कफ परेडला जाते. कचेरीची वेळ गाठायची असेल तर जरूर मेट्रोने जा. पण साहेब दौऱ्यावर असतील, तर वर येऊन बस धरा.

पुढे परभणीत घर बांधताना मी मिस्त्रींना गॅलरीचा कोपरा गोल करून मागितला. 'गोल सेंट्रिंगला फळ्या वाया जातात, गुरुजी. दोन दिवस जास्त लागतील,' ते म्हणाले. लागले पाच.