हजेरीची वही कोणाच्या हातात?

चंद्रपूर-बल्लारपूरकडे बांधकामाचे काम घेणाऱ्याला ‘ठेकेदार’ म्हणतात. वर्धा नदी ओलांडून, राजुरा आणि गडचांदूर मागे टाकून, माणिकगडचा डोंगर चढून जिवतीला पोहोचले की तोच माणूस ‘गुत्तेदार’ होतो. शब्द बदलण्यामागे इतिहास आहे. हा सगळा राजुरा तालुक्याचा मुलूख १९५६ पर्यंत हैदराबाद राज्याच्या आदिलाबाद जिल्ह्यात होता. मग तो नांदेडला जोडला गेला आणि १९५९ मध्ये चांदा जिल्ह्यात आला. पुढे मराठवाड्यातून, विशेषतः १९७२ च्या दुष्काळाच्या आगेमागे, अनेक कुटुंबे या डोंगरावर येऊन स्थिरावली. कोलाम आणि गोंड इथले जुने रहिवासी. नव्याने आलेल्यांनी जंगल की महसूल या वादात अडकलेली जमीन कसली आणि जमेल तिथे मजुरी केली. ‘गुत्ता’ हा शब्द त्यांच्याही बोलीत होताच.

मी बरीच वर्षे या भागातल्या लहान ठेकेदारांची मजुरांविषयीची कागदपत्रे सांभाळतो. हजेरीपट, पगारपत्रक, भविष्य निर्वाह निधीचे चलन, विमा आणि अपघात झालाच तर त्याची सूचना. मोठ्या कंपनीत याला मनुष्यबळ विभाग म्हणतात. आमच्याकडे ‘मस्टरवाला’ एवढेच नाव. हे काम करताना एक प्रश्न सतत मनात राहिला. या वह्या मुळात कोणी, कशासाठी सुरू केल्या? आणि ज्याचे नाव त्यात लिहितात, त्याच्या हाती त्यातले काय लागते? हा लेख त्या प्रश्नाचा मागोवा आहे.

घाटातला दंगा

सुरुवात बोरघाटापासून करावी लागेल. १८५६ मध्ये खंडाळ्याच्या घाटात लोहमार्गाचे काम सुरू झाले. २५ बोगदे, खोल दऱ्यांवरचे पूल, आणि ऐन भरात ४२ हजारांवर मजूर. ठेका विल्यम फेव्हिएल या इंग्रज कंत्राटदाराकडे होता. मुंबई-ठाणे मार्गही त्यानेच बांधला होता. पण इतक्या माणसांना तो स्वतः थोडाच पगार वाटणार? त्याच्या खाली पोटठेकेदार, त्यांच्या खाली मुकादम, आणि मुकादमाखाली टोळी. वरून निघालेला पैसा खाली येईपर्यंत मध्येच अडायचा किंवा झिजायचा. जानेवारी १८५९ मध्ये थकलेल्या मजुरीवरून घाटात दंगा झाला, गोऱ्या देखरेख्यांवर मजूर धावून गेले. त्याच वर्षी फेव्हिएलने ठेका सोडला. त्याच्या जागी आलेला सॉलोमन ट्रेडवेल वर्षाअखेरीस मरण पावला, आणि त्याची पत्नी ॲलिस हिने माणसे नेमून काम तडीस नेले. १८६३ मध्ये घाट खुला झाला.

या काळात दोन कायदे झाले, आणि ते शेजारीशेजारी ठेवून वाचण्यासारखे आहेत. १८५९ चा तेरावा कायदा उचल घेऊन काम न करणाऱ्या मजुराला मॅजिस्ट्रेटपुढे उभा करणारा होता. शिक्षा तीन महिन्यांपर्यंतच्या कैदेची. १८६० चा नववा कायदा रेल्वे, कालवे अशा सार्वजनिक कामांवरील मजुरीचे तंटे लवकर मिटवण्यासाठी होता. मजुरी बुडवली तर दाद मागण्याची वाट त्याने दिली. पण काम सोडून जाणाऱ्या मजुराला फौजदारी शिक्षाही ठेवली. म्हणजे पैसे न देणे हा दिवाणी व्यवहार आणि काम सोडणे हा गुन्हा. उचलीचा हिशेब मुकादमाच्या वहीत असल्याने ती वही मजुराला बांधून ठेवणारा दोर ठरली. तेरावा कायदा मोडीत काढण्यासाठी १९२५ साल उजाडावे लागले.

ठेकेदार जोतीराव, कामगार लोखंडे

मराठी माणसाने ही वही दोन्ही बाजूंनी पाहिली आहे. महात्मा फुले स्वतः कंत्राटदार होते. ‘पुणे कमर्शियल अँड कॉन्ट्रॅक्टिंग कंपनी’च्या द्वारे त्यांनी बांधकामाची कामे घेतली, खडकवासल्याच्या धरणाला माल पुरवला. इंजिनिअर खात्यातल्या कारकुनी लबाड्या त्यांनी जवळून पाहिल्या होत्या. १८७३ च्या ‘गुलामगिरी’ला जोडलेल्या पवाड्यांपैकी एक याच विषयावर आहे. बांधकामावरचा मजूर नागवला जातो तो उन्हात जितका, तितकाच कागदावर, हे ओळखणारा हा पहिला मराठी लेखक म्हणावा लागेल.

त्यांचे सहकारी नारायण मेघाजी लोखंडे यांनी सप्टेंबर १८८४ मध्ये मुंबईत गिरणी कामगारांच्या सभा भरवल्या. पाच हजारांवर सह्यांच्या अर्जात रविवारची सुट्टी मागितली होती, हे सर्वांना ठाऊक आहे. त्याच अर्जातल्या आणखी दोन मागण्यांकडे फारसे लक्ष जात नाही. मागील महिन्याचा पगार पुढच्या महिन्याच्या १५ तारखेपर्यंत मिळावा. आणि कामावर जखमी झालेल्याला बरा होईपर्यंत पूर्ण पगार मिळावा, कायमचा जायबंदी झाल्यास पोटाची सोय व्हावी. आज ज्याला वेतन व्यवस्थापन आणि सुरक्षा म्हणतात, त्याचा आराखडा या दोन कलमांत आला आहे. रविवार १८९० मध्ये मिळाला. अपघाताच्या भरपाईचा कायदा व्हायला १९२३ उजाडले, आणि पगार वेळेवर देण्याचा कायदा १९३६ मध्ये आला.

त्याच १९३६ मध्ये निजामाच्या राज्यात कर्जापोटी पिढ्यान्‌पिढ्या राबणाऱ्या ‘भागेला’ मजुरांच्या करारांवर सरकारने नियमन आणले. जिवतीचा डोंगर त्या वेळी त्याच राज्यात होता. नदीच्या एका काठाला पगाराच्या तारखेचा कायदा आणि दुसऱ्या काठाला माणूस गहाण पडू नये म्हणून नियम, अशी ती स्थिती होती.

कायदे आले, रकाने वाढले

१९२३ च्या भरपाई कायद्यात एक मोलाचे कलम होते, बारावे. ठेकेदाराकडचा मजूर जखमी झाला किंवा मेला तर भरपाई मुख्य मालकाकडूनही मागता येते. मालकाने ती नंतर ठेकेदाराकडून वसूल करावी. म्हणजे ‘तो आमचा माणूस नव्हे, पोटठेकेदाराचा’ ही सबब शंभर वर्षांपूर्वीच निकालात निघाली होती. १९४८ मध्ये किमान वेतन कायदा आला; त्याचे विधेयक डॉ. बाबासाहेब आंबेडकर व्हाइसरॉयच्या मंडळात मजूरमंत्री असताना १९४६ मध्ये मांडले गेले होते. १९७० च्या कंत्राटी कामगार कायद्याने २० मजुरांच्या वरच्या ठेकेदाराला परवाना, हजेरीपट आणि वेतन नोंदवही बंधनकारक केली. मजुरी मुख्य मालकाच्या प्रतिनिधीसमोर वाटावी, ठेकेदाराने चुकवली तर मालकाने द्यावी, असेही सांगितले. महाराष्ट्राने नंतर २० ची मर्यादा ५० वर नेली. आमच्या डोंगरावरची बहुतेक कामे २० मध्येही बसत नव्हती, ५० चा तर प्रश्नच नाही.

कायद्याचा कागद आणि हातात पडणारा पैसा यांत किती अंतर असते, ते १९८२ मध्ये सर्वोच्च न्यायालयात उघड झाले. दिल्लीत आशियाई क्रीडास्पर्धेची बांधकामे चालली होती. किमान मजुरी दिवसाला ९ रुपये २५ पैसे. ठेकेदार ती जमादाराच्या हाती देत, जमादार डोईमागे एक रुपया कापून घेई, आणि मजुराला ८ रुपये २५ पैसे मिळत. न्यायमूर्ती भगवती यांच्या निकालाने किमान वेतनापेक्षा कमी पैशात करून घेतलेले काम घटनेच्या २३ व्या कलमाखाली वेठबिगार ठरवले. बोरघाटातला मुकादम सव्वाशे वर्षांनी दिल्लीत जमादार म्हणून सापडला होता.

१९९६ च्या कायद्याने बांधकाम मजुराला स्वतःचे कल्याण मंडळ मिळाले. बांधकामाच्या खर्चावर एक टक्का उपकर, आणि १८ ते ६० वयाच्या मजुराला नोंदणी. अट एकच, वर्षभरात ९० दिवस काम केल्याचा दाखला. इथे पुन्हा गाठ पडते ती त्याच वहीशी. सरकारी कामावर उपकर ठेकेदाराच्या बिलातून परस्पर कापला जातो. त्याला कोणाचा दाखला लागत नाही. मजुराला मात्र आपण राबलो हे सिद्ध करावे लागते. देशभर या निधीतले हजारो कोटी रुपये मजुरांपर्यंत न पोहोचता पडून आहेत, यावर सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये कडक शब्दांत बोट ठेवले.

सुरक्षेचेही तसेच. या कायद्यानुसार सुरक्षा समिती आणि सुरक्षा अधिकारी ५०० मजुरांच्या कामावर लागत. बारा मजुरांच्या मोरीच्या कामावर सुरक्षा अधिकारी म्हणजे मुकादमच, आणि हेल्मेट म्हणजे डोक्याचा दुपट्टा.

डोंगरावरच्या दोन वह्या

ठेकेदाराला खलनायक करून हा विषय संपत नाही. निविदा एकाच्या नावावर निघते, तो काम दुसऱ्याला देतो, दुसरा मुकादमाला. खात्याचे बिल मार्चमध्ये निघते, पण मजुराचा हप्ता बाजाराच्या दिवशी द्यावाच लागतो. लहान गुत्तेदार त्यासाठी व्याजाने पैसे काढतो. आधारवरचे नाव, बँकेतले नाव आणि घरात हाक मारायचे नाव ही तीन असली की निधीचे खाते जुळत नाही. शेवटी वैतागून, ज्यांची कागदपत्रे जुळतात त्यांचीच नावे मस्टरवर चढतात. कामावर मात्र दुसरी माणसे असतात. अशा रीतीने दोन वह्या तयार होतात. एक बिलाला जोडायची, दुसरी मुकादमाच्या खिशातली. पहिलीत सही असते आणि दुसरीत खरेपणा.

दोन वह्यांमधले अंतर कळते ते अपघाताच्या दिवशी. एका कामावर सेंट्रिंग कोसळून मजूर गेला. त्याचे नाव मस्टरवर नव्हते. त्याच्या बायकोने नातेवाइकांबरोबर माझ्याकडे एक मळकी खिशातली डायरी आणली. त्याने स्वतः तारखा मांडल्या होत्या. पूर्ण दिवसाला उभी रेघ, अर्ध्या दिवसाला आडवी, उचलीचे आकडे बाजूला. पावसाचे दिवस कोरे सोडले होते. मी ती पाने रकान्यांत उतरवून दिली. त्या डायरीवर आणि सोबत्यांच्या जबान्यांवर दावा उभा राहिला. भरपाई मिळाली, पण दोन वर्षांनी, आणि तडजोडीची. मस्टरवर नाव असते तर तिला आधी हे सिद्ध करावे लागले नसते, की आपला नवरा त्या दिवशी तिथे होता.

वही दुसऱ्याच्या हाती दिली तर?

महाराष्ट्राने याला दोन उत्तरे शोधली होती. १९६९ चा माथाडी कायदा हे पहिले. अण्णासाहेब पाटील यांच्या चळवळीतून आलेल्या या कायद्यात मालक मजुरी आणि वरची लेव्ही मंडळाकडे भरतो आणि मंडळ मजुराला देते. मुकादमाचा हात मधून निघाला. दुसरे उत्तर रोजगार हमी. वि. स. पागे यांची ही कल्पना १९७२ मध्ये योजना म्हणून राज्यभर आली, १९७७ मध्ये तिचा कायदा झाला. काम मागणे हा हक्क झाल्याने मस्टर हा सार्वजनिक कागद झाला. खोटी मस्टरे तिथेही झाली, पण लोकांना ती मागता आली, वाचता आली, त्यांवर मोर्चे निघाले. आता केंद्राच्या रोजगार हमीत हजेरी संगणकावर निघते आणि कामावरचा फोटो मोबाइलवरून चढवावा लागतो. डोंगरात रेंज शोधत मेट टेकडीवर चढतो, ही त्यातली नवी अडचण.

खासगी ठेक्यावरच्या बांधकाम मजुराला मात्र यांपैकी काहीच मिळाले नाही. संसदेने २०१९ आणि २०२० मध्ये जुने कायदे चार संहितांत बांधले, रकाने कमी केले. वही ज्याच्या हातात होती, त्याच्याच हातात राहिली.

तरी एक छोटी गोष्ट जुन्या नियमांतच पडून आहे. केंद्राच्या १९७१ च्या कंत्राटी कामगार नियमांत ठेकेदाराने मजुराला कामावर घेतल्यापासून तीन दिवसांत त्याच्या हाती एक कार्ड द्यावे असे होते. त्यावर ठेकेदाराचे नाव, कामाचे ठिकाण, मजुरीचा दर. बाजारदिवशी हप्त्याबरोबर त्यावर दिवस आणि रक्कम लिहून मुकादमाने सही करावी, एवढीच भर मी त्यात घालीन. माझ्याकडे येणाऱ्या प्रत्येक ठेकेदाराला मी हे सांगतो. काही जण ऐकतात. कार्डाचा छपाईचा खर्च चहाच्या कपाहून कमी आहे. ९० दिवसांचा दाखला त्यातून निघतो, आणि वाईट दिवस आलाच तर घरच्यांना मळक्या डायरीवर विसंबावे लागत नाही.