कर गेला, मंडळी राहिली

उन्हाळ्यातल्या एखाद्या रविवारी सरे किंवा कॉट्सवोल्ड्सच्या अरुंद रस्त्यावर तुमच्या समोरून एक विचित्र गाडी आलेली तुम्ही पाहिली असेल. छप्पर नाही, दरवाजे नाहीत, पुढची चाके अंगाबाहेर आणि चालवणारा जमिनीपासून जेमतेम वीतभर उंचीवर बसलेला. मागच्या सीटवरची मुले ओरडतात, "बाबा, ती बघा!" आणि आपण म्हणतो, "असेल कुठली तरी जुनी गाडी." पण बऱ्याचदा ती जुनी नसते. कोणीतरी आपल्या घराच्या गॅरेजमध्ये, शनिवार-रविवार खर्ची घालून, दोन-तीन वर्षे खपून ती स्वतः बांधलेली असते. तिला इथे 'किट कार' म्हणतात.

वाचकहो, आपल्यापैकी कोणाला या देशात येऊन पाच वर्षे झाली, कोणाला पन्नास. क्रिकेट, चहा आणि हवामान एवढ्यावरून इंग्रज माणूस आपल्याला कळला असे आपण समजतो. पण त्याच्या गॅरेजचे दार आपण सहसा उघडून पाहत नाही. या दिवाळीत ते जरा उघडून पाहू. आत फक्त पाने आणि तेलाचे डबे नाहीत, सत्तर-ऐंशी वर्षांचा एक इतिहासही आहे.

भंगारातली सुरुवात

या कथेची आजी म्हणजे ऑस्टिन सेव्हन. हर्बर्ट ऑस्टिन यांनी १९२२ साली ही छोटी, स्वस्त गाडी आणली आणि १९३९ पर्यंत तिच्या सुमारे २,९०,००० प्रती निघाल्या. मोटारसायकलला साइडकार जोडून बायकामुलांना फिरवणारा इंग्रज कारकून हिच्यामुळे चारचाकीत बसला. दुसरे महायुद्ध संपले तेव्हा याच गाड्या म्हाताऱ्या होऊन भंगाराच्या भावात मिळू लागल्या होत्या.

तो काळ टंचाईचा होता. देशाला परकीय चलन हवे होते, म्हणून नव्या गाड्या आधी निर्यातीला जात आणि घरच्या गिऱ्हाइकाला वाट पाहत बसावे लागे. पेट्रोलचे रेशनिंग मे १९५० मध्ये उठले. दुसरीकडे सैन्यातून आणि कारखान्यांतून घरी परतलेल्या हजारो तरुणांच्या हातांना यंत्रांची सवय झालेली होती. गाडी हवी, पैसे नाहीत, पण हातात कसब आहे. मग जुन्या ऑस्टिनची जड बॉडी उतरवायची, तिच्याच चासीवर पत्र्याची हलकी बॉडी चढवायची, इंजिनात थोडी कारागिरी करायची. अशा गाडीला 'स्पेशल' म्हणत.

या मंडळींना एकत्र आणणारा ७५० मोटर क्लब १९३९ सालीच स्थापन झाला होता. ऑस्टिन सेव्हनचे इंजिन ७४७ सीसीचे, त्यावरून हे नाव. या क्लबात एक रीत पडली आणि पुढचा सगळा इतिहास तिच्यावर उभा आहे: आपल्याला जे जमले ते दुसऱ्याला सांगायचे. रविवारी शर्यतीत ज्याला हरवायचे, त्यालाच त्याआधी कार्बुरेटर कसा लावायचा ते समजावून द्यायचे.

याच क्लबात कॉलिन चॅपमन नावाचा, लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात शिकलेला एक तरुण होता. १९४८ साली त्याने आपली पहिली स्पेशल बांधली ती उत्तर लंडनमध्ये, मैत्रीण हेझल विल्यम्स हिच्या आईवडिलांच्या घरामागच्या गॅरेजात. १९५१ च्या त्याच्या तिसऱ्या गाडीत इंजिनाला हवा पुरवण्याची अशी युक्ती होती की बाकीच्यांना ती सापडेचना. शेवटी क्लबाने नियम बदलून त्या युक्तीवर बंदी घातली! १९५२ साली लोटस कंपनी सुरू झाली तेव्हा हेझलने दिलेले २५ पौंड हे तिचे भांडवल होते. या इतिहासातल्या छायाचित्रांत पुरुषच दिसतात, म्हणून हे २५ पौंड लक्षात ठेवायला हवेत.

करातून सुटलेली वाट

आता पैशाचा भाग. ब्रिटनमध्ये १९४० पासून 'पर्चेस टॅक्स' नावाचा खरेदी कर होता. १९५१ साली मोटारींवरचा हा कर ६६ टक्क्यांच्याही वर गेला. शंभर पौंडांच्या मालावर सहासष्ट पौंड सरकारचे! पण कायद्यात एक फट होती. कर होता तयार गाडीवर. तीच गाडी सुट्या भागांत विकत घेतली आणि गिऱ्हाइकाने ती स्वतः जोडली, तर हा कर लागत नसे.

लोटसने १९५२ पासून मार्क ६ ही गाडी किटच्या रूपात विकली आणि १९५७ साली तिची धाकटी बहीण, लोटस सेव्हन, बाजारात आली. किटबरोबर जोडणीच्या सूचना देता येत नसत, कारण मग ती तयार गाडीच ठरली असती. यावर चॅपमनने काढलेला तोडगा क्लबांमध्ये आजही रंगवून सांगतात: त्याने गाडी कशी 'उघडायची' याच्या सूचना दिल्या आणि गिऱ्हाइकाने त्या उलट्या क्रमाने वाचायच्या. ही गोष्ट ऐकली की आपल्याकडचा कुठलाही मुरलेला चार्टर्ड अकाउंटंट खूश होईल.

याच सुमारास फायबरग्लास आले. पत्रा ठोकून गोलाई आणायला वर्षानुवर्षांचा हात लागतो. फायबरग्लासची बॉडी मात्र साच्यातून निघते आणि छोट्या शेडमध्येही बनते. देशभर लहान लहान कारखाने निघाले. सफकमध्ये वॉकलेट बंधूंची जिनेटा, ब्लॅकपूलमध्ये ट्रेव्हर विल्किन्सन यांची टीव्हीआर, लँकेशायरमध्ये रॉचडेल. जेम मार्श आणि फ्रँक कॉस्टिन यांची मार्कोस तर प्लायवुडच्या चासीवर उभी होती. लोक हसले. पण १९६६ च्या ल मान्सच्या चोवीस तासांच्या शर्यतीत मोठमोठ्या ब्रिटिश गाड्या मागे पडल्या आणि शेवटपर्यंत पोहोचलेली एकमेव ब्रिटिश गाडी होती मिनी मार्कोस, पंधराव्या क्रमांकाची. पुढच्याच वर्षी 'द प्रिझनर' या दूरचित्रवाणी मालिकेत पॅट्रिक मॅक्गूहन लोटस सेव्हन चालवताना दिसला आणि घराघरांतल्या मुलांना ती गाडी ठाऊक झाली.

मग आला १ एप्रिल १९७३. पर्चेस टॅक्स गेला, व्हॅट आला आणि तो सुट्या भागांनाही लागू झाला. फट बुजली. लोटसने सेव्हनचे हक्क सोडून दिले.

हिशेबाने पाहिले तर गोष्ट इथे संपायला हवी होती. स्वस्त पडते म्हणून लोक किट घेत होते, आता तसे स्वस्त पडत नव्हते. पण झाले उलटे. सरेमधल्या कॅटरहॅम गावी सेव्हन विकणारे ग्रॅहम निअर्न यांनी त्याच वर्षी हक्क घेतले आणि ती गाडी चालू ठेवली. ती आजही बनते, आजही किटमध्ये मिळते. १९८० च्या दशकात तर किट गाड्यांचा नवा बहर आला. ससेक्सची डटन, मिडलंड्सची वेस्टफील्ड आणि आणखी कितीतरी. अपघातात चेपलेली किंवा गंजलेली फोर्ड एस्कॉर्ट, कॉर्टिना, पुढे सिएरा विकत आणायची आणि तिचे इंजिन, गिअरबॉक्स, ॲक्सल नव्या अंगात बसवायचे. त्या जुन्या गाडीला 'डोनर' म्हणतात, म्हणजे दाता. अवयवदानच ते!

कर गेल्यावरही लोक थांबले नाहीत, याचे उत्तर करात सापडत नाही. त्यासाठी क्लबाकडे जावे लागते.

महिन्याचा पब आणि क्रेनची रांग

किट कार क्लबाची रचना आपल्या मंडळासारखीच असते: अध्यक्ष, खजिनदार, नियतकालिकासाठी लेख मागत फिरणारा बिचारा संपादक आणि प्रत्येक भागाचा एक प्रमुख. महिन्यातून एका ठरलेल्या संध्याकाळी ठरलेल्या पबमध्ये भेट. बाहेर पाच-सहा गाड्यांची बॉनेट उघडी, आत चिप्सच्या ताटल्या. एका टेबलावर सर्जन, प्लंबर, शाळामास्तर आणि निवृत्त बसचालक बसतात आणि तासभर फक्त ब्रेकच्या नळीबद्दल बोलतात. इथे पहिला प्रश्न "तुम्ही काय करता?" हा नसतो. "बिल्ड कुठवर आली?" हा असतो.

इंजिन उचलायची क्रेन प्रत्येकाने विकत घ्यायची गरज नसते. ती एका गॅरेजमधून दुसऱ्या गॅरेजात फिरत राहते. इंजिन बसवायच्या दिवशी चार माणसे येतात. यजमानाने चहा आणि बेकन सँडविच पुरवायचे, बस. कोणाच्या घरी आजारपण आले, नोकरी गेली, तर गाडी वर्षभर चादरीखाली पडून राहते. मग एखाद्या शनिवारी क्लबातले दोघे न बोलावता येतात आणि म्हणतात, "चल, आज निदान स्टिअरिंग लावू." एखादा सभासद वारला तर त्याच्या अर्ध्या राहिलेल्या गाडीचे काय करायचे, हा प्रश्न त्याच्या पत्नीवर एकटीवर टाकत नाहीत. रस्त्यात दोन सेव्हन समोरासमोर आल्या की चालवणारे हात वर करतात, ओळख असो वा नसो.

१९९६ साली या रीतीला पुस्तकाचे रूप मिळाले. रॉन चॅम्पियन या शिक्षकाने फक्त २५० पौंडांत स्वतःची स्पोर्ट्स कार कशी बांधावी, हे शिकवणारे पुस्तक लिहिले. चौकोनी लोखंडी नळ्यांची मापे, जोडायचा क्रम, सगळे त्यात खुले करून दिले. या गाडीला 'लोकॉस्ट' नाव पडले आणि ७५० मोटर क्लबाने तिच्या शर्यतीही सुरू केल्या. ज्ञान वाटायची ती जुनी सवय पन्नास वर्षांनंतर तशीच होती.

दोनच वर्षांत, १९९८ मध्ये, सरकारने एकेका गाडीची वेगळी तपासणी सक्तीची केली. २००९ पासून तिची जागा 'आयव्हीए' या आणखी काटेकोर परीक्षेने घेतली. ब्रेक, दिवे, पट्टे, धूर, सगळे तपासतात. बाहेरच्या कडा किती गोल असाव्यात याचेही माप आहे, अडीच मिलिमीटर. अनेकांना वाटले, संपला हा छंद. पण क्लबातल्या पास झालेल्यांनी नवशिक्यांच्या गाड्या आधीच तपासून द्यायला सुरुवात केली. कुठे रबराची पट्टी लावायची, कुठला बोल्ट झाकायचा, पावत्या आणि फोटो कसे जपायचे. गाड्या उलट अधिक सुरक्षित झाल्या.

किल्ल्याची गोष्ट

हे सगळे दिवाळी अंकात कशाला, असे तुम्ही विचाराल. दिवाळीतला किल्ला आठवा. प्लास्टरचा तयार किल्ला बाजारात मिळतो, तोही रंगवलेला. तरीही वाड्यातली आणि सोसायटीतली पोरे माती कालवतात, पोत्याचा चिखल करतात, हळीव पेरतात आणि बुरूज ढासळला म्हणून भांडतात. किल्ला चार दिवसांचा असतो. पण कोणी माती आणली, कोणी मावळे मांडले, हे चाळीस वर्षांनीही लक्षात राहते. इंग्रज माणसाचा किल्ला चाकांवर आहे, एवढाच फरक.

आणि त्या किल्ल्यापुढेही आज प्रश्न आहेत. १९९३ साली उत्पादन थांबलेली सिएरा आता रस्त्यावर क्वचित दिसते. तिची जागा माझदा एमएक्स-५ ने घेतली, पण नव्या गाड्यांत इतके इलेक्ट्रॉनिक्स असते की इंजिन काढून दुसरीकडे बसवणे सोपे राहिलेले नाही. क्लबांच्या सभांत पांढरे केस जास्त दिसतात. तरुणांना गॅरेज असलेले घर परवडत नाही. काही जण अपघातात सापडलेल्या निसान लीफची मोटर आणि बॅटरी काढून जुन्या अंगात बसवतात. काही ज्येष्ठांना ते रुचत नाही. पण १९४८ साली भंगारातल्या ऑस्टिनवर पत्रा ठोकणाऱ्या पोरांकडेही लोकांनी असेच पाहिले असणार.

हे प्रश्न ओळखीचे वाटतात ना? आपल्या मंडळातही गणपतीला मखर बांधणारे हात तेच आहेत, फक्त वर्षागणिक थकत चाललेले. पुढची पिढी कार्यक्रमाला येते, जेवते, फोटो काढते. खुर्च्या मांडायला येईल का? किट कार क्लबांचा अनुभव यावर एक गोष्ट सांगतो. लोक स्वस्त पडते म्हणून आले, पण टिकले ते कोणीतरी त्यांच्या हातात पाना दिला आणि "हे तू लाव" म्हटले म्हणून. नुसते पाहायला बोलावलेला माणूस पाहून घरी जातो.

टाटांनी २००८ साली जॅग्वार लँड रोव्हर घेतल्यापासून पुण्याकडचे कितीतरी इंजिनियर मिडलंड्समध्ये राहायला आले आहेत. त्यांच्यापासून जवळच, वॉरिकशायरमधल्या स्टोनले पार्कमध्ये, मे महिन्याच्या पहिल्या बँक हॉलिडेला वर्षानुवर्षे किट गाड्यांची जत्रा भरत आली आहे. अशा एखाद्या मेळाव्याला मुलांना घेऊन जा. गाडीत बसू का, असे त्यांनी विचारले तर मालक बहुधा नाही म्हणणार नाही. आणि शनिवारी सकाळी शेजारच्या गॅरेजमधून ग्राइंडरचा आवाज आला तर तक्रार करण्याआधी एकदा दार वाजवा. सोबत चकलीचा डबा असेल तर उत्तमच. तो तुम्हाला तासभर तरी सोडणार नाही आणि बहुधा काहीतरी धरायला सांगेल. धरा.