कोबी आणि कॅप्टन कुक

राजांच्या वंशावळी आणि लढायांच्या तारखा यांनाच इतिहास म्हणण्याची आपली संवय इतकी जुनी आहे, कीं स्वयंपाकघरांतील भाजीलाही इतिहास असतो हें सहसा कोणाच्या ध्यानांत येत नाहीं. कोबीचेंच उदाहरण घ्या. हरभऱ्याची डाळ घालून केलेली त्याची भाजी आतां आपल्या इतकी अंगवळणीं पडली आहे, कीं तो परक्या मुलखांतून आला हें सांगावें लागतें. ‘कोबी’ हें नांवही पोर्तुगीज ‘कोव’ शब्दापासून आलेलें. माझी आजी मात्र तें विसरली नव्हती. श्राद्धाच्या स्वयंपाकांत ती कोबीला थारा देत नसे.

युरोपांत या भाजीचा मान फार प्राचीन. इसवी सनापूर्वीं दुसऱ्या शतकांत रोमच्या केटोनें शेतीवरील आपल्या ग्रंथांत सर्व भाज्यांत कोबीला अग्रस्थान दिलें व औषध म्हणूनही त्याची स्तुति केली. परंतु त्याचें खरें महत्त्व उत्तरेकडील थंड प्रदेशांत. तेथें हिंवाळ्यांत बर्फाखालीं कांहीं पिकत नसे. म्हणून शरद ऋतूंत घट्ट व जड गड्डे निवडून ते बारीक चिरीत, मीठ चोळून पिंपांत दाबून भरीत आणि वर वजन ठेवीत. मिठानें पानांतील पाणी सुटे व त्यांत कोबी बुडून राही. हवा न लागल्यामुळें तो सडण्याऐवजीं आंबे, आणि त्या आंबटपणामुळेंच महिनेच्या महिने टिके. जर्मन लोक यालाच ‘साउअरक्राउट’, म्हणजे आंबट कोबी, म्हणतात.

हें गरिबाघरचें तोंडीलावणें समुद्रावर गेलें, तें एका भयंकर रोगामुळें. लांबच्या सफरींत ताजें अन्न संपलें कीं खलाशांच्या हिरड्या सुजत, दांत हलूं लागत, जुन्या जखमा पुन्हा उघडत आणि अखेर मृत्यु येई. हाच स्कर्व्ही. जेम्स लिंड या जहाजी वैद्यानें १७४७ सालीं संत्रीं व लिंबें देऊन रोगी बरे होतात हें दाखविलें. पण त्याकडे फारसें कोणी लक्ष दिलें नाहीं.

१७६८ सालीं कॅप्टन जेम्स कुक ‘एन्डेव्हर’ जहाज घेऊन निघाला, तेव्हां त्यावर ७,८६० पौंड आंबट कोबी भरला होता. खलाशी मात्र त्याला तोंड लावीनात. कुक कांहीं मवाळ मनुष्य नव्हता. याच सफरींत मदिरा बेटापाशीं ताजें मांस नाकारणाऱ्या दोघांना त्यानें प्रत्येकीं १२ फटके मारविले होते. परंतु कोबीच्या बाबतींत त्यानें चाबूक उचलला नाहीं. अधिकाऱ्यांच्या टेबलावर रोज कोबी वाढावा आणि खलाशांनीं हवा तर घ्यावा, नाहीं तर सोडावा, एवढेंच ठरविलें. वरिष्ठ ज्याची चव घेतात तें उत्तम असलेंच पाहिजे, असें खलाशांना वाटूं लागलें. आठवडाभरांतच कोबीची मागणी एवढी वाढली, कीं प्रत्येकाचा वांटा ठरवून देणें भाग पडलें!

त्या सफरींत स्कर्व्हीनें एकही मनुष्य दगावला नाहीं. याचें सारें श्रेय कोबीला देणें मात्र न्यायाचें होणार नाहीं. कुक प्रत्येक बंदरांत ताजा भाजीपाला मिळवी, त्याचाही वांटा मोठा. उलट, कुकनें अंकुरलेल्या जवाच्या काढ्याचीही भलावण केली. तो काढा निरुपयोगी होता. पण थोराचें नांव पाठीशीं असल्यानें त्यावर विश्वास बसला. ब्रिटिश आरमारानें लिंबाचा रस सरसकट देण्याचें ठरविलें, तें १७९५ सालीं. मधल्या काळांत किती माणसें व्यर्थ मेलीं असतील! आंबट कोबींत व लिंबांत रोग टाळणारें एकच द्रव्य, क जीवनसत्त्व, आहे, याचा उलगडा तर विसाव्या शतकांत झाला.

म्हणजे थोरांच्या ज्या उदाहरणानें खलाशांना कोबी खावयास लाविलें, त्याच थोरपणानें काढ्यावरही भरंवसा ठेवावयास लाविलें. ताटांत काय वाढावें व काय वर्ज्य करावें हें आपणही बहुधा वडिलांच्या ताटाकडे पाहूनच ठरवितों. माझी आजी तेंच करीत होती, आणि खलाशीही.