न्यूरेंबर्गच्या सुवर्णकाराची भूमिती

आल्ब्रेश्ट ड्यूररने १५२५ साली मापनविद्येवरील आपल्या ग्रंथात घनाकृतींची पृष्ठे कागदावर उलगडून दाखविली, त्यानंतर चार दशकांनी, ड्यूररच्याच न्यूरेंबर्ग शहरी, ज्याच्या कसबाची कदर बादशाही दरबारी होत असे, त्या वेंट्सेल याम्निट्सर नामक मातब्बर सुवर्णकाराने १५६८ मध्ये यथादर्शनाचा एक अपूर्व ग्रंथ सिद्ध केला.

प्लेटोने अग्नी, वायू, पृथ्वी, जल आणि आकाश यांना वाटून दिलेले पाच नियमित घनाकार घेऊन त्याने प्रत्येकाची चोवीस रूपे रचली: कोठे कोपरे छाटले, कोठे पृष्ठांवर पिरॅमिड उभारून तारा केला, कोठे आतील द्रव्य काढून केवळ कडांचा सांगाडा ठेवला, ज्याच्या पुढल्या दांड्यांमधून मागल्या दांड्या स्पष्ट दिसतात. मेण चढविलेल्या ताम्रपटावर सुईने रेघ उघडी करून ती अम्लाने खाववायची, हे अम्लरेखनाचे नाजूक काम योस्ट आमानने केले. आकृती साधण्याची रीत मात्र ग्रंथात सांगितलेली नाही. तथापि यथादर्शन-यंत्राशी बसलेल्या याम्निट्सरचे आमानकृत चित्र उपलब्ध आहे. शुद्ध भूमितीला इतके लावण्य देणारा दुसरा ग्रंथ त्या शतकात, माझ्या मते, झाला नाही.