नागद्वार यात्रा

सातपुड्यातील पचमढीजवळच्या (जि. नर्मदापुरम, मध्य प्रदेश) दऱ्यांतून नागपंचमीच्या सुमारास नागद्वार गुहेकडे होणारी पायी यात्रा. ठिकाण मध्य प्रदेशात असले, तरी यात्रेकरूंत वैदर्भीयांचा भरणा मोठा. नागपुरात गांधीबाग, इतवारी, महाल या जुन्या वस्त्यांतून भाविक निघतात. गांधीबागेजवळच्या गणेशपेठ बसस्थानकावरून यात्राकाळात जादा एसटी गाड्या सुटतात. सावनेर, सौंसर, छिंदवाडा असा हा मार्ग आहे. नागपूर ही 1956 पर्यंत आधी मध्य प्रांताची व मग मध्य प्रदेशाची राजधानी आणि पचमढी तिचे उन्हाळी ठाणे, त्यामुळे ही ये-जा जुनीच.

पायवाट धूपगडाच्या (सुमारे 1,350 मी.) परिसरातून खोल घळींत उतरते. लक्षावधी वर्षांच्या पाण्याने येथील वालुकाश्म चिरून उभे कडे, अरुंद खिंडी आणि गुहा घडवल्या आहेत. काजरी, पद्मशेष, चिंतामणी, स्वर्गद्वार ही वाटेवरची प्रमुख स्थाने. श्रावणातल्या संततधारेत दगड शेवाळतात, ओढे अचानक फुगतात, काही चढ लोखंडी शिड्यांवरून चढावे लागतात. तरीही वृद्ध स्त्रिया अनवाणी ही वाट चालतात. या यात्रेचे खरे बळ त्यांच्यात दिसते. विदर्भातील सेवा मंडळे रानात राहुट्या ठोकून मोफत जेवण देतात.

वाट सातपुडा व्याघ्र प्रकल्पात असल्याने वर्षातून केवळ यात्रेचे काही दिवसच खुली होते. पचमढीजवळच्याच चौरागडची महाशिवरात्रीची त्रिशूळ-यात्रा नागद्वार यात्रेहून वेगळी. नागद्वारी जाणाऱ्याने प्लॅस्टिक रानात टाकू नये आणि अंधार पडल्यावर घळीत उतरू नये.