प्रेमकादंबरी आणि कपाळाची आंठी

विरारच्या लोकलगाडींत एखादी मुलगी प्रेमकादंबरी वाचतांना दिसली कीं वडीलधाऱ्यांच्या कपाळाला आंठी पडते. या आंठीलाही इतिहास आहे.

१८६१ सालीं आलेली हळब्यांची ‘मुक्तामाला’ अद्भुतरम्य होती. तिनें कोणाचें घर हादरलें नाहीं. पुढें हरिभाऊ आपट्यांनीं, जिचें केशवपन तिच्या इच्छेविरुद्ध होतें, त्या यमूची कहाणी ‘पण लक्षांत कोण घेतो!’ मध्यें घरोघर पोंचविली. फडक्यांच्या ‘दौलत’सारख्या (१९२९) कादंबऱ्यांनीं तरुणांची प्रीति सुशिक्षितांच्या दिवाणखान्यांत आणली. १९३३ सालीं ‘कळ्यांचे निःश्वास’ या कथासंग्रहानें अविवाहित, मिळवत्या मुलींच्या मनांतील ओढ उघड केली, तेव्हां मात्र गहजब उडाला. पुढें मालतीबाई बेडेकर म्हणून परिचित झालेल्या लेखिकेला ‘विभावरी शिरूरकर’ या टोपणनांवाआड राहावें लागलें.

आंठी पडते ती प्रेमामुळें नव्हे. मुलगी स्वतःचें मन बोलूं लागते म्हणून. तेव्हां पुस्तक हिसकावूं नये. आधीं स्वतः वाचावें आणि पाहावें, यांतील नायिकेला ‘नाहीं’ म्हणण्याची मोकळीक आहे काय? असेल, तर तें शेजारच्या घरींही निःशंकपणें द्यावें.