इलेक्ट्रॉन नलिका पूर्वविवर्धक

मायक्रोफोनपासून मिळणारा क्षीण विद्युत् संकेत ध्वनिमुद्रण यंत्रणेला पुरेल इतका मोठा करणाऱ्या पहिल्या टप्प्यातील उपकरणास पूर्वविवर्धक म्हणतात. हे कार्य इलेक्ट्रॉन नलिकेकडून, म्हणजे नेहमीच्या बोलण्यातील व्हॉल्व्हकडून, करून घेतल्यास त्यास वरील संज्ञा लावतात. असा विवर्धक निवडताना विवर्धन किती मिळते एवढेच पाहून भागत नाही; क्षमतेपलीकडचा संकेत आल्यास तो कसा वागतो, हेही पाहावे लागते. हा दुसरा प्रश्न प्रामुख्याने ड्रमच्या ध्वनिमुद्रणातून पुढे आला.

ली डी फॉरेस्ट यांच्या १९०६ मधील ऑडिऑन नलिकेपासून विवर्धनाचे तंत्र विकसित झाले आणि १९२५ मध्ये व्हिक्टर व कोलंबिया या अमेरिकन कंपन्यांनी वेस्टर्न इलेक्ट्रिक पद्धतीने विद्युत् ध्वनिमुद्रण सुरू केले. त्यापूर्वी वादक कर्ण्यासमोर बसत. मोठा ढोल बहुधा दूर ठेवीत किंवा वगळीतच. दुसऱ्या महायुद्धानंतर जर्मन नभोवाणीसाठी तयार झालेला ‘व्ही ७२’ हा या प्रकारातील नमुनेदार विवर्धक होय. त्याचे विवर्धन ३४ डेसिबेल, म्हणजे सु. ५० पट होते. लंडनच्या ईएमआय कंपनीच्या ध्वनिमिश्रकांत ४० डेसिबेल, म्हणजे १०० पट विवर्धनाचा ‘व्ही ७२ एस’ वापरीत. जवळच्या ड्रमसाठी हे विवर्धन पुरेसे असले, तरी रिबन मायक्रोफोनसमोरील मृदू व्हायोलिनला १,००० पट किंवा अधिक विवर्धन लागू शकते. अशा कामासाठी ७६ डेसिबेलपर्यंत विवर्धन देणारा ‘व्ही ७६’ उपयोगी पडे.

ड्रमची अडचण याच्या नेमकी उलट असते. आघाताच्या पहिल्या काही सहस्रांश सेकंदांत संकेत शिखरास पोहोचतो व लगेच ओसरतो. मापकाचा काटा तेवढ्यात हलतही नाही. ड्रमलगतच्या कंडेन्सर मायक्रोफोनचा दाब अशा क्षणी एक व्होल्टच्या आसपास जाऊ शकतो. ईएमआयमध्ये बास ड्रमजवळ ठराविक अंतराच्या आत मायक्रोफोन न ठेवण्याचा दंडक होता. एप्रिल १९६६ मध्ये बीटल्सच्या ध्वनिमुद्रणात तरुण अभियंते जेफ एमेरिक यांनी तो मोडला. त्यांनी ड्रममध्ये लोकरी स्वेटर कोंबला, मायक्रोफोन अगदी जवळ आणला व संकेत फेअरचाइल्ड मर्यादकातून नेला. त्यातून मिळालेला घट्ट, ठोस नाद पुढे अनेकांनी आदर्श मानला. १९६८ मध्ये तेथे ट्रँझिस्टरांचा नवा ध्वनिमिश्रक आला. १९६९ च्या ॲबी रोड या ध्वनिमुद्रिकेतील ड्रमचा नाद त्यामुळे मवाळ झाला, असे एमेरिक यांनी नंतर सांगितले. मापनांच्या दृष्टीने नवी यंत्रणा सरस होती, हे लक्षात घेता ही तक्रार केवळ सवयीची म्हणून सोडून देता येत नाही.

तिचे स्पष्टीकरण न्यूयॉर्कचे अभियंते रसेल हॅम यांनी १९७२ मध्ये मांडलेल्या व १९७३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निबंधात शोधले. बहुतेक मापने विवर्धक मर्यादेत असताना घेतली जातात. ध्वनिमुद्रणात मात्र तो वारंवार मर्यादा ओलांडतो. त्यावेळी ट्रायोड नलिकेची विकृती हळूहळू वाढते व तीत दुसरा प्रगुण, म्हणजे वरच्या सप्तकातील तोच स्वर, प्रबळ असतो. ट्रँझिस्टर विवर्धकात तिसरा प्रगुण, म्हणजे वरच्या सप्तकातील पंचम, पुढे येतो आणि विकृती एकदम उसळते. हॅम यांचे निष्कर्ष सर्वमान्य झाले नाहीत. जुन्या यंत्रणेतील रोहित्रे व चुंबकीय फीत यांचाही नादात वाटा होता. शिवाय क्षीणक जोडून संकेत मर्यादेत ठेवल्यास चांगला ट्रँझिस्टर विवर्धक अधिक प्रामाणिक ठरतो. तेव्हा नलिकेचा ‘गोडवा’ हा मुळात एक दोषच आहे. मात्र तो कानाला रुचणारा आहे.

निवडीचे निकष यावरून ठरतात. स्नेअर व बास ड्रमसाठी मोठा संकेत सहन करणारी प्रवेश बाजू व क्षीणक आवश्यक असतो. झांजांच्या उच्च कंप्रता मुळातच दाट असल्याने त्यांत आणखी प्रगुण मिसळल्यास नाद कर्कश होतो. बास गिटारला मात्र अशी भर बहुधा मानवते. मृदू वाद्यांसाठी कमी गोंगाट हा पहिला निकष होय.

१९९० नंतर नलिकांना पुन्हा मागणी आली. बिल पटनम यांच्या युनिव्हर्सल ऑडिओ या कंपनीचे त्यांच्या पुत्रांनी १९९९ मध्ये पुनरुज्जीवन केले व त्यांच्या जुन्या ‘६१०’ विवर्धकाची नवी आवृत्ती काढली. याच काळात निघालेल्या काही स्वस्त उपकरणांत मात्र नलिकेच्या धनाग्रास नेहमीच्या २०० ते ३०० व्होल्टांऐवजी फारच कमी दाब देतात; त्यामुळे ती लवकर विकृत होते व मोठ्या आघाताला आवश्यक असलेला वाव उरत नाही. नलिकेतील जाळी यांत्रिक कंपनाने हलते व ते कंपन संकेतात उतरते, म्हणून असा विवर्धक ड्रमच्या खोलीत न ठेवता नियंत्रण कक्षात ठेवतात.